मधल्या पट्ट्याची सडक

१९५६ सालच्या राज्य पुनर्रचना कायद्यात, हैदराबाद राज्याचा कोणकोणता मुलूख मुंबई राज्यात जाणार याची यादी आहे. औरंगाबाद, परभणी, बीड आणि उस्मानाबाद हे जिल्हे त्यात अख्खे येतात. नांदेड येतो तो काही मंडळं वगळून. आणि या नावांच्या मध्ये एक तुटक तुकडा आहे: बिदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके. वर्गात हा भाग आला की मी अहमदपूरच्या पोरांना विचारायची, तुमचे आजोबा कोणत्या जिल्ह्यात जन्मले? सगळे एकसुरात लातूर म्हणायचे. लातूर जिल्हाच मुळी १९८२ चा. आजोबा बिदरचे निघायचे, आणि घरी जाऊन विचारून आलेली पोरं दुसऱ्या दिवशी मोठ्या अप्रूपाने ते सांगायची.

म्हणजे त्या काळात नांदेडहून लातूरला निघालेला माणूस नांदेड जिल्हा सोडून बिदर जिल्ह्यात शिरायचा आणि उतरायचा उस्मानाबाद जिल्ह्यात. अंतर सारं मिळून १४० किलोमीटरच्या आसपास. गोदावरी ओलांडली की विष्णुपुरी, मग सोनखेड, लोहा, माळेगाव, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर आणि लातूर. दोन टोकांना दोन मोठ्या पेठा आणि मधली गावं तीन जिल्ह्यांच्या कडेकडेला. जिल्ह्याच्या कडेचं गाव कचेरीच्या नकाशात अगदी काठावर असतं, आणि काठावरची कामं सगळ्यांत शेवटी होतात. या सडकेची कथा मला नेहमी त्या मधल्या पट्ट्याचीच वाटत आली. मी त्याच पट्ट्यातली. माहेर माळाकोळीच्या बाजूचं, सासर अहमदपूरचं, आणि नोकरीभर इतिहास शिकवला तोही याच सडकेवरच्या शाळांमधून.

हा पट्टा आजचा आडबाजूचा असेल, कायमचा तसा नव्हता. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरपुराचे अधिपती म्हणवत. तुंगभद्रेपासून नर्मदेपर्यंत राज्य केल्यावरही त्यांच्या बिरुदावलीत हे मूळ गाव टिकून राहिलं, आणि बहुतेक अभ्यासक लट्टलूर म्हणजे आपलं लातूरच असं मानतात. दुसरीकडे कंधार. लोह्याहून एक फाटा कंधारला जातो. दहाव्या शतकात तिसऱ्या कृष्णाच्या काळात कंधार भरभराटीला होतं. तिथला जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव आजही पाण्याने भरतो, भुईकोट किल्ल्याला खंदक आहे, आणि क्षेत्रपालाच्या अवाढव्य मूर्तीचे तुकडे पाहिले की मान वर करूनच त्या मूर्तीच्या उंचीचा अंदाज करावा लागतो. लट्टलूर आणि कंधार ही एकाच घराण्याच्या जिव्हाळ्याची दोन ठाणी. त्यांच्यामध्ये माणसं, घोडे, धान्य, दगड घडवणारे कारागीर ये-जा करत असणार, आणि ते बालाघाटच्या माळावरूनच करत असणार, कारण दुसरी सोपी वाट या भूगोलात नाही.

वाट माळावरून का, हे इथल्या जमिनीने ठरवलेलं आहे. मन्याडच्या खोऱ्यातली आणि मांजरेकाठची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते. मृगाच्या पावसानंतर काळ्या रानात गाडी घातली की चाकं आसापर्यंत रुतायची. बैल जोखडात गुडघे टेकायचे. म्हणून जुन्या गाडवाटा लांबचा वळसा पत्करून मुरमाड माळाने चालत. गाड्यांच्याही आधी लमाणांचे तांडे होते. पाठीवर गोण्या लादलेले शेकडो बैल घेऊन ते धान्य आणि मीठ मुलूखभर फिरवत. रेल्वे आली, तो धंदा बसला आणि तांडे माळावर ठिकठिकाणी स्थिरावले. लोहा, अहमदपूर, मुखेड या तालुक्यांत आज जे तांडे दिसतात त्यांच्याकडे मी या प्रदेशातले पहिले वाहतूकदार म्हणूनच पाहते. शाळेच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला एखादी ओळसुद्धा येत नाही, याचं मला नोकरीभर वाईट वाटत राहिलं.

या सडकेवरचं सगळ्यांत मोठं गाव वर्षातून पाच-सहा दिवसच वसतं. माळेगावची खंडोबाची यात्रा. मार्गशीर्षाच्या शेवटी, अमावस्येच्या आगेमागे, लोह्याच्या पुढे सडकेच्या दोन्ही अंगांना माळ जनावरांनी भरतो. घोडे, उंट, गाढवं, बैल, आणि तिकडे कुत्रीसुद्धा. देवाची पालखी निघते, भंडारा उधळतो, आणि तिथून हाकेच्या अंतरावर रुमालाखाली बोटं धरून जनावरांचे सौदे चालतात. लाल कंधारी ही आमच्याच कंधारच्या नावाची जात. तांबडा रंग, बेताचा बांधा, आणि काळ्या रानात ओढ घेताना दम न सोडणारा बैल. देवणी लातूरच्या बाजूची, पांढऱ्यावर काळे ठिपके, कान लोंबते. माळेगावला या दोन्ही जाती समोरासमोर बांधलेल्या असत आणि बघे आपापल्या तालुक्याचा कैवार घेऊन तिथेच हमरीतुमरीवर येत.

माळेगावची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. वैदू, घिसाडी, गोंधळी, मसणजोगी, जोशी अशा भटक्या जमातींचं वर्षाकाठचं एकत्र येण्याचं ठिकाण म्हणजे ही यात्रा. सोयरिकी इथे जुळायच्या, भांडणं इथे मिटायची, जातपंचायती इथे बसायच्या. त्या पंचायतींनी कित्येक बायांवर अन्याय केला हेही खरं आहे आणि ते झाकून ठेवू नये. पण ज्यांना गाव नाही अशा माणसांना वर्षातून एकदा भेटण्याचा पत्ता या सडकेने दिला. गाढवांचा बाजार तर मी लहानपणी तासन्‌तास बघत बसायची. ती गाढवं घेणारे बहुतेक वडार, बेलदार, कुंभार. पुढे कळलं की सडकेच्या भरावाचा मुरूम, मोऱ्यांचा दगड, विहिरींचा गाळ हे सगळं याच गाढवांच्या पाठीवरून गेलेलं आहे. रोलर आणि टिप्पर यायच्या आधी रस्ता करणारी जनावरं माळेगावच्या बाजारातून गेली आहेत.

आता टोकांकडे बघू. नांदेडला रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावर आली. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे, मनमाडपासून सिकंदराबादपर्यंतचा मीटरगेज मार्ग. नांदेडच्या कापसाला त्यामुळे थेट मुंबईची वाट मिळाली. पुढे तिथे उस्मानशाही मिल उभी राहिली. लातूरला रेल्वे आली ती पश्चिमेकडून, १९११ मध्ये, बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी अरुंद गाडी. ब्रिटिश मुलखातल्या बार्शीकडून ती निजामाच्या लातुरात शिरायची आणि वाटेत संस्थानच्या करोडगिरी खात्याचा जकातीचा जाच असायचा. पण माल वाढत गेला. १९१७ मध्ये लातूरला गंजगोलाई उभी राहिली. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेला गोल बाजार, मध्ये अंबाबाईचं देऊळ, भोवती सोळा रस्ते. मराठवाड्यात इतका विचारपूर्वक आखलेला बाजार मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि या दोन रेल्वेंच्या मध्ये काही नाही. पुढे विकाराबाद-परळी मार्ग झाला. तो उदगीरवरून येऊन चाकूरच्या जवळून निघून गेला आणि तिथल्या स्टेशनाला लातूर रोड हे नाव पडलं. लोहा आणि अहमदपूर कोरडेच राहिले. नांदेड-लोहा-अहमदपूर-लातूर रोड असा लोहमार्ग व्हावा ही मागणी मी परकरात होते तेव्हापासून ऐकते आहे. निवडणुका आल्या की सर्वेक्षणाची बातमी येते. लोहमार्ग नसल्यामुळे आमच्याकडचं सगळं ओझं या एका सडकेवर पडलं. कापूस नांदेडला जाणार, तूर, उडीद, करडई, भुईमूग लातूरला, बाळंतीण माहेरी आणि आजारी माणूस मोठ्या दवाखान्यात, हे सगळं इथूनच.

मोटारगाडीची हकिकत तशी थोडक्यात सांगता येते. निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ बसगाड्या घेऊन सरकारी मोटारसेवा सुरू केली. देशातल्या पहिल्या सरकारी बससेवांमध्ये ती मोडते. पण त्या सेवेचं तोंड हैदराबादकडे होतं. संस्थानातल्या चांगल्या सडका राजधानीकडे जायच्या. नांदेड आणि लातूर एकमेकांना जोडावेत याची राजधानीला काय निकड? १९५६ नंतर मराठवाड्याची वेगळी राज्य परिवहन झाली, १९६१ मध्ये ती महाराष्ट्राच्या एसटी महामंडळात मिळाली, आणि त्यानंतर कुठे या आडव्या सडकेला मान आला. माझ्या लहानपणी ती एकपदरी डांबरी होती. समोरून ट्रक आला की एसटीचं एक चाक साइडपट्टीवर उतरायचं आणि आतल्या बाया देवाचं नाव घ्यायच्या.

१९७२ चा दुष्काळ आमच्या भागात कुणाला सांगून शिकवावा लागत नाही. पाऊस आधीच्या दोन वर्षांतही बेताचा होता, त्या वर्षी त्याने पाठच फिरवली. विहिरी तळाला गेल्या. जनावरं मातीमोलाने गेली. सरकारने गावोगाव कामं काढली आणि आमच्याकडे काम म्हणजे बहुतेक खडी. मे १९७३ मध्ये राज्यभर अशा कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. जगातले अर्थतज्ज्ञ आजही दुष्काळ निवारणाचं उदाहरण म्हणून त्या वर्षाकडे बघतात, आणि ते बरोबर आहे. एवढ्या मोठ्या दुष्काळात भूकबळींची रीघ लागली नाही. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी याच काळात राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढे २००५ चा देशाचा कायदा त्याच वाटेने आला. पण त्या पन्नास लाखांत माझी माय होती, म्हणून मला ती संख्या नुसती वाचता येत नाही.

आमच्या गावापासून मोठ्या सडकेपर्यंतचा रस्ता तेव्हा झाला. बाया ओळीने बसायच्या. पुढ्यात दगड, हातात छोटा हातोडा, डोक्यावर पदर आणि पदरावर ओलं फडकं. फोडलेल्या खडीचा ढीग ब्रासवर मोजला जायचा आणि त्यावर मजुरी. मोजणाऱ्याच्या हातात सगळं. कुणाचा ढीग भरायचा, कुणाचा दाबून मोजला जायचा. लेकरं कामाच्या कडेला चिंध्यांच्या झोळीत. दुपारी सुकडी मिळायची, गोडसर, भाजक्या पिठाची, आणि रेशनवर तांबडी मिलो ज्वारी, जिची भाकरी थापताना तुटायची. माय सांगायची, "हात फुटायचे, मग त्याला तेल-हळद लावायची अन्‌ परत बसायचं. बसलं नाही तर मस्टरवर नाव कुठून येणार?" मी विचारलं, रस्ता कुठे जाणार ते माहीत होतं का? ती म्हणाली, "सडकंला. सडकंला गेलं की कुठंबी जाता येतं."

मराठवाड्यातल्या फाट्यापासून गावापर्यंतच्या कितीतरी रस्त्यांखाली ही खडी आहे. वरून किती थर डांबर आलं असेल ते असो, तळचा थर बायांच्या हातांचा आहे. हजेरीची ती मस्टरं, अंगठ्यांची, कुठे तरी गठ्ठ्यांत बांधलेली असतील किंवा रद्दीत गेली असतील. मला इतिहासाची साधनं विचाराल तर मी ताम्रपटाइतकाच त्यांना मान देईन. ज्यांच्याकडे ती उरली असतील त्यांनी ती जाळू नयेत, एवढी माझी हात जोडून विनंती आहे. लोहा-कंधारच्या शाळाशाळांत पोरांना दुष्काळाबद्दल घरातल्या म्हाताऱ्यांकडून लिहून आणायला सांगितलं तरी एक मोठं दप्तर तयार होईल. कंधारच्या भाई केशवराव धोंडगे यांनी गुराख्यांचं साहित्य संमेलन भरवलं होतं. मग खडी फोडलेल्या बायांचं एखादं संमेलन या पट्ट्यात का होऊ नये?

त्या बायांच्या लेकरांनी पुढे या सडकेचा जो उपयोग केला तो कुठल्याही आराखड्यात नव्हता. लातूरला कॉलेजं वाढली, दहावी-बारावीच्या निकालांनी लातूरचं नाव झालं, नांदेडला विष्णुपुरीच्या माळावर आधी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं विद्यापीठ आलं. खेड्यातली पोरं शहरात खोली करून राहू लागली. मेसचे पैसे कुणाकडे होते? मग डबे सुरू झाले. सकाळी पहिल्या गाडीच्या वेळेला फाट्यावर माणूस डबा घेऊन उभा. पितळी, मग स्टीलचा, वर फडक्याची गाठ, झाकणावर तेलरंगाने पोराचं नाव आणि गाव. वाहक तो बसमध्ये चढवून घेणार, लातूरच्या किंवा अहमदपूरच्या स्थानकावर पोरगं घ्यायला येणार, आणि रात्रीच्या गाडीने रिकामा डबा परत. ज्वारीच्या भाकरी, पिठलं, खर्डा, आणि खाली कागदात दडवलेल्या पाच-दहाच्या नोटा. स्थानकाच्या एका कोपऱ्यात हे डबे रचलेले असायचे आणि पोरं आपापलं नाव शोधायची. एकाचा डबा दुसऱ्याने नेला असं क्वचितच घडे. माझे धाकटे दोन दीर या डब्यांवर शिकले. एक आज शेतकी खात्यात आहे, दुसरा परळीच्या औष्णिक केंद्रात लागला.

हे सगळं वाहकांच्या आणि चालकांच्या भलेपणावर चाललं. नियमात ते कितपत बसत होतं, मला ठाऊक करून घ्यावंसंही वाटलं नाही. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला, तेव्हा मधल्या पट्ट्यातल्या घरांना काय झालं ते मी पाहिलं आहे. डबे थांबले. पोरी घरी बसल्या, कारण मुलींच्या मोफत पासावर चालणारी गाडीच नव्हती. वडाप जीपवाल्यांचं भाडं रोज कोण देणार? त्या महिन्यांत माझ्या ओळखीच्या काही पोरींचं शिक्षण कायमचं सुटलं. कर्मचाऱ्यांच्या मागण्या खऱ्या होत्या, त्यांच्या आत्महत्याही खऱ्या होत्या. पण सडक असून गाडी नसली की गाव पुन्हा १९५६ च्या आधीचं होतं, हे तेव्हा कळलं. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं. आता बाजारच्या दिवशी गाडीत बायाच जास्त असतात. माहेरी जायला निमित्त लागत नाही.

तुळजापूरपासून नागपूरजवळच्या बुटीबोरीपर्यंत हीच सडक आता राष्ट्रीय महामार्ग ३६१ झाली आहे. पूर्वी नागपूर-बोरी-तुळजापूर राज्यमार्ग म्हणत. चौपदरी काँक्रीट, मध्ये दुभाजक, उड्डाणपूल. काम चालू होतं तेव्हा दोन्ही बाजूंची जुनी झाडं गेली. चिंच, कडुनिंब, वड. त्यांच्या सावलीत गाड्या सुटायच्या, यात्रेकरू भाकरी सोडायचे. त्यांच्या जागी लावलेली रोपं अजून कमरेएवढी आहेत. वेग वाढला हे खरंच चांगलं झालं. हृदयविकाराचा माणूस अहमदपूरहून तासाभरात लातूरला पोचतो आणि वाचतो, यापुढे झाडांचं दुःख मी मोठं करणार नाही. पिकंही बदलली. ज्वारी-कापूस मागे पडून सोयाबीन आलं आणि सोयाबीनचा भाव लातूरच्या आडतीत फुटतो, तेव्हा ट्रक रात्रभर एकाच दिशेने जातात.

आता शक्तिपीठ महामार्गाचं चाललं आहे. नागपूरपासून गोव्यापर्यंत, आठशे किलोमीटरचा. त्याची आखणी नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांतून दाखवली आहे आणि अर्धापूरच्या केळीवाल्या शेतकऱ्यांपासून कितीतरी गावांनी त्याला विरोध केला आहे. मी त्यांच्या बाजूची आहे. माहूर आणि तुळजापूर या दोन देवींना जोडणारी सडक आपल्याकडे आहे, नुकतीच चौपदरी झाली आहे, आणि ती अजून पूर्ण भरलेलीही नाही. ओलिताची जमीन एकदा गेली की परत मिळत नाही. तो पैसा लोहा-अहमदपूरच्या लोहमार्गाला दिला तर शंभर वर्षांपासून मोकळी राहिलेली जागा भरून निघेल.

आणि त्याच्याही आधी एक लहान काम आहे. चौपदरी झाल्यापासून जलद गाड्या काही गावांना वळसा घालून वरूनच निघून जातात. फाट्यावर पूर्वी झाडाखाली उभं राहून हात केला की गाडी थांबायची. आता माणसाला दुभाजक ओलांडून पलीकडे जावं लागतं, तेही भरधाव ट्रकांमधून, आणि त्यात जीव गेले आहेत. आमच्या बाजूच्या बायांनी मिळून अर्ज केला आहे. फाट्यावर दोन्ही अंगांना निवारा हवा, ओलांडायला खालून वाट हवी, आणि सकाळच्या दोन व संध्याकाळच्या दोन गाड्या सेवा रस्त्याने गावात येऊन जाव्यात. अर्जाखाली ज्या सह्या आहेत त्यांत बहात्तरच्या कामावर बसलेल्या काही जणींचे अंगठे आहेत. त्यांची नावं पुढे मुद्दाम पूर्ण लिहिली आहेत, बापाच्या आणि नवऱ्याच्या नावासकट. पुढच्या महिन्यात तो अर्ज घेऊन आम्ही पुन्हा लातूरला जाणार आहोत.